पॅलिएटिव्हच्या ड्युटीत मन कसं लावायचं, नव्या सिस्टर-ब्रदर लोकांसाठी

पॅलिएटिव्हला, म्हणजे गंभीर आजाराच्या पेशंटचा त्रास कमी करायच्या वॉर्डला, पोस्टिंग लागलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यात जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच, की इथं कुणी खडखडीत बरं होऊन जाणार नाहीये तर मी नेमकं करतेय काय. लेबर रूमला असताना रोज बाळ हातात येतं, सर्जिकलला टाके काढून पेशंट चालत घरी जातो, आणि इथं बेड रिकामा झाला की पोटात गोळाच येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही नव्या मुली भेटल्या की हेच विचारतात, म्हणून जे मला उपयोगी पडलं आणि जे बरोबरच्या सिनियर सिस्टरांचं बघून शिकले ते इथं लिहितेय. काही गोष्टी लांब लिहिल्यात कारण त्या खरंच महत्त्वाच्या वाटतात.

आधी एक गैरसमज काढून टाका. पॅलिएटिव्ह म्हणजे फक्त शेवटचे चार दिवस असं नसतं. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असतानाही हे काम चालतं, किडनी फेल झालेले, दम्याने फुफ्फुसं गेलेले, लकव्याने अंथरुणाला खिळलेले, सगळे यात येतात आणि बरेच जण त्रास आटोक्यात आला की घरी जातात, महिनोन् महिने जगतात. आता तर आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या, १२ सेवांमधे सुद्धा पॅलिएटिव्ह धरलेलं आहे, म्हणजे उपकेंद्राच्या एएनएम (नर्स) ताईलाही हे काम आलंच.

आता मुख्य गोष्ट. काम मोजायची पट्टी बदला. आपल्याला कॉलेजात जी पट्टी दिली ती "वाचला की गेला" अशी आहे आणि ती इथं लावली की रोज नापासच व्हाल, मग महिन्याभरात मन उडून जाईल. इथली पट्टी वेगळी आहे, सकाळी वेदना दहापैकी आठ होती ती संध्याकाळी तीन झाली का, रात्री सलग चार तास झोप लागली का, उलटी थांबली का, चार दिवस अडलेली संडास झाली का. ऐकायला हे छोटं वाटतं पण ज्याला महिनाभर झोप नव्हती त्याच्या घरच्यांना विचारा ते छोटं आहे का. मी स्वतःपुरती एक वही ठेवते, त्यात पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर काहीच लिहित नाही, फक्त आज कुणाचा कुठला त्रास कमी झाला ते एका ओळीत. ज्या दिवशी काहीच कमी झालं नाही त्या दिवशी तेही लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टरांसमोर तोच विषय काढायचा. आपलं काम कुठं दिसतं ते अशानं आपल्यालाच कळायला लागतं.

आधी हात तयार करा

अर्थ, समाधान वगैरे बोलण्याआधी हे सांगते, कारण माझं ठाम मत आहे की ज्या नर्सला त्रास कमी करायचं कसब येत नाही तिला या वॉर्डात समाधान मिळणं फार अवघड आहे. नुसती दया असून भागत नाही. पेशंट कण्हत असतो आणि आपण हात धरून बसतो, आत्ता करण्यासारखं काहीतरी होतं हे आपल्याला माहितीच नसतं, आणि मग घरी जाऊन रडू येतं ते त्या असहाय्यपणाचं असतं.

आपल्या भागात तंबाखू-गुटख्याने तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप येतात हे तुम्हालाही माहितीये. गालाला भोक पडलेलं, वास इतका की घरचे ओट्यावर वेगळी खाट टाकून देतात, नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत, आणि उन्हाळ्यात जखमेत अळ्या पडतात. अशा जखमेला टर्पेंटाईनचा बोळा लावून अळ्या काढणं, सलाईनने हळूच धुणं, डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड भुरभुरणं, ड्रेसिंग ओढून न काढता भिजवून काढणं, हे सगळं नीट जमलं की दोन-चार दिवसात वास कमी होतो. वास कमी झाला की सून जेवण घेऊन आत येते, नातू कॉटवर येऊन बसतो. ट्यूमर तेवढाच आहे, त्यात काहीच फरक नाही, पण माणूस परत माणसात आला आणि ते तुमच्या ड्रेसिंगने झालं. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की मी इथं काय करतेय हा प्रश्न मला तरी परत तसा पडला नाही.

तसंच तोंडाची काळजी. ओल्या गॉजने दर दोन तासांनी तोंड पुसणं, ओठाला व्हॅसलीन, बुरशी दिसली तर लगेच सांगणं. आणि दम लागलेल्या पेशंटला उशीला टेकवून बसवून चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा द्यायचा, चेहऱ्याला वारा लागला की दम लागल्याची भावना कमी होते, ही मानलेली पद्धत आहे. भुसावळच्या मे महिन्यात लाईट गेली की हे काम पुठ्ठ्याने करावं लागतं, तर नातेवाईकाला दाखवून द्या, त्याच्याही हाताला काम मिळतं.

मॉर्फिनची भीती आधी स्वतःची घालवा

नातेवाईक म्हणतात "सिस्टर, ती अफू नका देऊ, सवय लागेल, जीव लवकर जाईल" आणि खरं तर आपल्यातल्याही बऱ्याच जणींना मनातून तेच वाटत असतं. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमधे, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन जीव लवकर नेत नाही. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे द्यायची असते, दुखायला लागल्यावर नाही, आणि झोपमोड नको म्हणून रात्री झोपताना बहुतेक वेळा डबल डोस लिहून देतात. पहिले काही दिवस मळमळ, गुंगी असते ती ओसरते, पण बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर हवंच, लिहिलेलं नसेल तर आपण विचारायचं.

मला एक गोष्ट फार लागते. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफूची शेती होते, मॉर्फिनचा कच्चा माल आपल्या शेजारी पिकतो, आणि आपल्याकडचा शेतकरी मात्र वेदनेने भिंतीवर डोकं आपटत असतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यामुळे, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे, लायसन्सची भानगड इतकी होती की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरायचे, २०१४ मधे कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांसाठी रस्ता बराच सोपा झाला. तुमच्या हॉस्पिटलात स्टॉक आहे का, संपायच्या आधी इंडेंट (मागणीपत्र) जातं का, रजिस्टर रोजच्या रोज जुळतं का, हे कंटाळवाणं काम मन लावून करा. स्टॉक न संपू देणं हा या वॉर्डातला सगळ्यात मोठा उपकार आहे असं मी मानते.

माणूस कोण आहे ते विचारा

कॅनडात हार्वे चोचिनोव नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी पेशंटला विचारायचा एक प्रश्न रुजवला, साधारण असा, की तुमची काळजी नीट घेता यावी म्हणून एक माणूस म्हणून मला तुमच्याबद्दल काय माहिती असायला पाहिजे. हा आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने विचारायचा. "आबा, तुमचं गाव कोणतं, शेतात काय लावायचे, घरी तुमच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही असं कोणतं काम होतं?" आणि अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला, "माय, कोठे दुखस?" म्हटलं की म्हातारी जे सांगते ते शुद्ध मराठीत विचारून चार दिवसात सांगणार नाही. लेवा बोलीचं तेच, पावरी-भिलीचं तेच, येत नसेल तर वॉर्डातली मामी किंवा मावशी कोण बोलते ते बघून ठेवा.

रावेरकडचे एक केळीवाले आप्पा होते, बोलायला नको, जेवायला नको, भिंतीकडे तोंड. बोलता बोलता कळलं की उठल्याबरोबर ते आधी केळीचा भाव बघायचे, मग चहा. त्या दिवसापासून ड्युटीवर जो असेल तो सकाळी पेपरमधून नाहीतर मोबाईलवर भाव बघून त्यांना सांगायचा. ते त्यावर बोलायचे, व्यापाऱ्यांना शिव्या घालायचे, मुलाला फोन लावून कटाई आठ दिवस थांबव म्हणायचे. आजार तोच होता, पण घरचा कर्ता माणूस अजून कर्ताच होता. आम्हालाही त्या बेडजवळ जाताना पाय जड व्हायचे थांबले. कुणाला कानबाईच्या सणाच्या रोटांची तयारी घरी कशी चाललीये ते ऐकायचं असतं, कुणाला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचं असतं, आणि जाता आलं नाही तर मोबाईलवर बहिणींचा आवाज, झोक्यावरची गाणी चालतात. अशी माहिती पेशंटच्या नोट्समधे एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे नाईटवाल्यालाही कळते.

इथंच एक सावध करते. पेशंटकडून आयुष्याचा धडा मिळेल म्हणून त्याच्याजवळ बसू नका. काही लोक शेवटपर्यंत चिडलेले असतात, काही काहीच बोलत नाहीत, काही मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा शेताच्या बांधावरून भावाला शिव्या देतात. ते आपल्याला शिकवायला आलेले नाहीत, त्रास कमी करून घ्यायला आलेत. मोठं काहीतरी ऐकायला मिळेल अशी वाट बघत राहिलात तर बहुतेक दिवस रिकामे वाटतील.

औषधाने न जाणारं दुखणं

लंडनला १९६७ मधे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली सॉंडर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सुटलं मग समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची पण असते, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे हे पावलोपावली दिसतं. डोस वाढवतोय, वाढवतोय आणि दुखणं हलत नाही, मग कधीतरी रात्री दोनला पेशंट सांगतो की सोसायटीचं कर्ज आहे, कपाशी गेली, मुलीचं लग्न ठरलंय आणि दागिने माझ्या ट्रीटमेंटला मोडले. यावर आपण काय करणार? कर्ज आपण फेडू शकत नाही. पण समाजसेवा अधीक्षकाला बोलावू शकतो, योजनेत काय बसतं ते बघू शकतो, मुलाला बोलावून बापलेकांना समोरासमोर बसवू शकतो. ऐकून घेतलं तरी निम्मा भार उतरतो असं मी कितीदा बघितलंय.

"सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" हा प्रश्न येणारच. याचं उत्तर देऊ नका. मागच्या जन्माचं, कर्माचं, देवाच्या मर्जीचं काहीच बोलू नका, तुमचा स्वतःचा विश्वास असला तरी. स्टूल ओढा, बसा, "असं का वाटतंय तुम्हाला आबा?" एवढंच विचारा आणि गप्प रहा. ज्याला भजन पाहिजे त्याला भजन लावा, ज्याला कुराण ऐकायचंय त्याला ते, ज्याला भगताने दिलेला धागा हातात ठेवायचाय त्याचा धागा सलाईन लावताना कापू नका, बाजूला सरकवा.

"त्यांना सांगू नका हं"

आपल्याकडे निम्मी घालमेल इथंच होते. मुलगा दारातच अडवून सांगतो की बाबांना कॅन्सर आहे हे कळू देऊ नका, आणि बाबा रात्री हात धरून विचारतात "पोरी, खरं सांग". दोन्हीकडून ओढाताण होते आणि आपण खोटं बोलतोय या भावनेने काम नकोसं वाटतं. मुलाशी भांडू नका, तो प्रेमापोटीच म्हणतोय. त्याला विचारा, सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते? बहुतेक जण म्हणतात खचून जातील. मग म्हणा, मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही, त्यांना काय वाटतंय ते विचारेन. आणि बाबांना तेच विचारा, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" दहातले बरेच जण स्वतःच सांगतात की पोरी मला माहितीये, मुलाला सांगू नको, तो खचेल. मग डॉक्टरांना सांगून दोघांना एकत्र बसवायचं. निदान सांगायचं काम डॉक्टरांचं, पण दार उघडून देणं बऱ्याचदा नर्सच्याच हातात असतं.

जेवणाचंही तसंच आहे. खान्देशात प्रेम म्हणजे ताटात वाढणं, त्यामुळे पेशंट खात नाही म्हटलं की घरचे कासावीस होतात, गिळता येत नसलेल्याच्या तोंडात वरणभात कोंबतात आणि तो श्वासनलिकेत जातो. त्यांना रागावू नका, शांतपणे सांगा की शेवटच्या दिवसात शरीर अन्न मागत नाही, न खाल्ल्याने ते जात नाहीयेत, आजाराने जात आहेत म्हणून खाणं थांबलंय. आणि लगेच दुसरं काम द्या, पायाला तेल लावा, तोंड ओलं करा. नळीवर असलेल्या एखाद्याला भरताची चव पाहिजे असेल तर डॉक्टरांना विचारून जिभेवर बोटभर लावता येतं का बघा. तुळशीचं पान, गंगाजलाचा थेंब, हे ठेवू द्या, फक्त चमचाभर ओतू देऊ नका, ओल्या गॉजने ओठाला लावायला शिकवा.

घरी न्यायचंय म्हणतात तेव्हा

धडगाव-अक्कलकुव्याकडचे, चोपडा-यावलच्या पाड्यांवरचे पेशंट शेवटी घरीच जायचं म्हणतात आणि आपल्याला वाटतं आपण हरलो, किंवा अडाणी आहेत म्हणून राग येतो. मला आता यात चांगलं काम दिसतं. नीट तयारी करून घरी पाठवलेला पेशंट म्हणजे आपली खरी कमाई. औषधं किती दिवसांची, किती वाजता, हे वाचता न येणाऱ्या घरासाठी सूर्य-चंद्राची चित्रं काढून पुडीवर लिहा, नळीतून भरवणं आणि दर दोन तासांनी कूस बदलणं सुनेकडून समोर करून घ्या, घरघर लागली की कुशीवर वळवायचं हे सांगा, आशाताईला फोन करून कळवा. आमच्या इथून गेलेल्या एका आजीचा नातू नंतर बाजारच्या दिवशी फक्त एवढं सांगायला आला होता की शेवटी दुखलं नाही. केरळात १९९३ पासून कालिकतच्या लोकांनी हेच काम गल्लीगल्लीतल्या स्वयंसेवकांना शिकवून उभं केलं, पुढे २००८ मधे तिथल्या सरकारने पॅलिएटिव्हचं धोरण जाहीर केलं, आणि घरोघरी जाणाऱ्या त्या कामाचा कणा नर्सच आहेत.

पेशंट गेल्यावर

लगेच पुढच्या इंजेक्शनला पळू नका. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने एक पद्धत सुरू केली, पेशंट गेला की हजर असलेल्या सगळ्यांनी जागेवर थोडा वेळ शांत उभं राहायचं, त्या माणसासाठी आणि आपण केलेल्या धडपडीसाठी. प्रार्थना नाही, त्यामुळे कुठल्याही धर्माचा स्टाफ असला तरी चालतं. आमच्याकडे आम्ही एवढंच म्हणतो की आबा तुमचं केलं आम्ही जेवढं जमलं तेवढं, आणि मग अंग पुसणं, डोळे मिटणं, हनुवटी बांधणं. बॉडी म्हणू नका, नातेवाईकांसमोर तर अजिबात नको, नावाने किंवा नात्याने बोला. रडू आलं तर येऊ द्या. नर्सने रडू नये असं सांगणाऱ्या जुन्या सिस्टर भेटतील, त्यांचा मान ठेवून मी सांगते की नातेवाईकाबरोबर डोळ्यात पाणी आलं तर काही बिघडत नाही, फक्त त्यांनी आपल्याला सावरायची वेळ येऊ नये.

थकलात तर

पेशंटच्या नावाऐवजी बेड नंबरच तोंडात यायला लागला, नातेवाईक दिसले की चीड यायला लागली, ड्युटीच्या आदल्या रात्री झोप उडायला लागली, तर हे थकण्याचं लक्षण आहे आणि ते सांगितलं पाहिजे. इनचार्ज सिस्टरशी बोला, काही महिने दुसरा वॉर्ड मागून घ्या, परत येता येतं. घरी रोज सगळं सांगू नका पण एक माणूस असा ठेवा ज्याला सांगता येतं. शासनाची मानसिक आरोग्याची टेलि-मानस हेल्पलाईन १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, ती फक्त पेशंटसाठी नाही, आपल्यासाठीही आहे. स्टाफ कमी, पेशंट जास्त, सलग नाईट, यातून येणारा थकवा ध्यान करून जाणार नाही, त्यासाठी ड्युटी लिस्टवरच बोलावं लागतं आणि ते सगळ्यांनी मिळून बोलावं.

सुरुवात करायची तर याच आठवड्यात एवढं करून बघा. इनचार्जना विचारून हँडओव्हर झाल्यावर दहा मिनिटं मागून घ्या, सगळ्यांनी उभ्या उभ्या बोलायचं, आज कुणाचा त्रास कमी झाला, कोण गेलं, कुणाजवळ जाणं जड जातंय. मावशी-मामांनाही बोलवा, त्यांना बऱ्याचदा पेशंटचं आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं. ज्या बेडजवळ एखादीला जाववत नाही तो आठवडाभर दुसरीने घ्यायचा, आणि तसं ड्युटीच्या वहीत लिहून टाकायचं.